तिसऱ्या हाकेला

२४ नोव्हेंबर १९९८

आईला सांगितलंय, ही शाळेची वही आहे. शाळेचं म्हटलं की ती हात लावत नाही, त्यामुळे इथे खरं लिहिता येईल.

नोकरीला महिना झाला. नारायणगावच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की आमची मतिमंद मुलांची निवासी शाळा. इमारत नवी, संस्था नवी, मुलं सत्तावीस. मान्यता टिकवायची तर चाळीस हवीत, म्हणून अधीक्षक गोरख सर मला पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर तपासणीला पाठवणार आहेत. पुण्याला मानसशास्त्र शिकून आलेली इथे मी एकटीच. चाचणीची पेटी माझ्या ताब्यात असते, आणि खोटं कशाला बोलू, ती हातात घेऊन चालताना मला बरं वाटतं.

आमच्या गावात, महाळुंग्यात, बायका आईला विचारतात, तुमची अश्विनी वेड्यांची मास्तरीण झाली म्हणे. आई म्हणते, झाली, तुमच्या घरचं कुणी पाठवायचं असेल तर सांगा.

२ डिसेंबर

पायांचे तुकडे पडलेत. घोडेगावपर्यंत एसटी, मग डिंभे धरणाच्या कडेने जीप आणि शेवटचा दीड तास चढ. उंबरवाडी म्हणजे पंधरा-वीस घरं. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला सरळ खाली गेलेला कडा.

तिथल्या गुरुजींनी ठकूचं नाव सांगितलं. वय आठ. हजेरीला ओ देत नाही. समोर बसलेली असते, पण नाव घेतल्यावर बोलली नाही तर गुरुजी तरी काय करणार, गैरहजर मांडतात. वर्षभरात तिची हजेरी अकरा दिवस भरली आहे. हे सांगताना ते हसत होते.

तिचे आईबाप टोमॅटो तोडायला खाली उतरलेले. घरी आजी लंकाबाई, ठकू आणि दीड वर्षाची बहीण प्रतिभा. ठकू शेरडं घेऊन घरामागच्या झाडीत गेली होती. आजीने हाक मारली. काही नाही. जरा थांबून दुसरी मारली. तरी काही नाही. तिसरीला झाडीतून "वो" आली आणि मागोमाग ठकू पळत आली. मी विचारलं, नेहमी तीन हाका माराव्या लागतात का? आजी कौतुकाने म्हणाली, "तिसरीलाच येती. लई शानी हाय." मी तक्त्यात लिहिलं: हाकेला उशिरा प्रतिसाद. घरच्यांना मुलीच्या मर्यादांची जाणीव नाही.

चाचणी पडवीत घेतली. पुस्तिकेतली सूचना अशी आहे की प्रश्न एकदा विचारावा, उत्तर न आल्यास आणखी एकदा विचारावा, नंतर पुढे जावे. मी अक्षर न अक्षर पाळलं. छत्रीचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? ठकू चित्र सोडून माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. गप्प. चमचा, टेलिफोन, बस, सगळ्यांना गप्प. सशाच्या चित्राच्या वेळी कोंबडी पडवीत शिरली, त्या गडबडीत मी चुकून तिसऱ्यांदा विचारलं, तर ती लगेच म्हणाली, "ससा हाय. पर कान चुकल्यात."

ते उत्तर मी धरलं नाही. तिसऱ्यांदा विचारलेलं धरलं तर चाचणीला अर्थ काय उरला?

५ डिसेंबर

बुद्ध्यांक ४६. मध्यम मतिमंदत्व. शंका नको म्हणून निघताना तिच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली होती, तेव्हा तिने झटकन मान वळवली. म्हणजे दोष कानात नाही. दाखल्यावर डॉक्टरांची सही पुढच्या आठवड्यात होईल.

आज पुस्तिका पुन्हा चाळली. सशाचे कान खरंच आखूड काढलेत. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

१९ जानेवारी १९९९

ठकूला आणलं. तिचा बाप जानकू घोडेगावला भेटला. मी कागद वाचून दाखवला, त्यातला आकडा समजावून सांगितला. तो बराच वेळ कागद उलटा-सुलटा करत होता. मग म्हणाला, "आमाला तर ती बरी वाटती. पर तुमी शिकलेल्या. तुमाला दिसत आसंल ते आमाला दिसत नसंल." आणि त्याने सही केली.

वाडीवर लंकाबाईंनी एकच प्रश्न विचारला, तिथं रान हाय का? मी म्हटलं, नाही, सगळी सपाटी आहे, कंपाउंड आहे. "मंग भ्या न्हाई," म्हणाल्या. कसली भीती, ते मी विचारलं नाही, शेवटची जीप गाठायची होती. प्रतिभा ठकूच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. दोघींना सोडवताना माझी बांगडी फुटली.

११ फेब्रुवारी

खात नाही, बोलत नाही. आया सखूबाई सांगत होती की ही रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढून मावळतीकडच्या डोंगरांकडे बघत बसते. काल टाकीवरून उतरवायला तिला सगळ्यांनी हाका मारल्या, कुणाच्याच हाकेला उतरली नाही. सखूबाई मात्र खाली उभी राहून ठकू, ठकू, ठकू करत राहिली, तर मुकाट्याने उतरली. मला वाटतं सखूबाईशी तिचं जमतंय.

८ मार्च

माझा पहिला स्वतंत्र उपक्रम! गोरख सरांनी परवानगी दिली. ठकूचं नाव एकदाच घ्यायचं. ओ दिली तर शेंगदाण्याचा लाडू. नाही दिली तर लाडू परत डब्यात, आणि दुसरी हाक मारायची नाही. दिवसातून वीस वेळा. भिंतीवर तक्ता लावलाय, ओ दिली की लाल टिकली.

आज वीसपैकी शून्य.

२७ मार्च

वीसपैकी दोन. लाडूकडे बघते आणि ओठ दाबून धरते. डोळ्यांत पाणी येतं, पण तोंड उघडत नाही. एवढा हट्ट मतिमंद मुलात मी पाहिला नव्हता. सखूबाईला ताकीद द्यावी लागली, ती चोरून पुन्हा पुन्हा हाक मारते.

३० एप्रिल

वीसपैकी नऊ. सुटीत मुलं घरी गेली की शिकलेलं विसरतात, असं सर म्हणतात. ठकूला मेमध्ये इथेच ठेवायचं ठरलं. जानकू न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. त्याने आणलेली करवंदं ती बसून एकेक करून खात होती आणि बिया खिशात ठेवत होती.

१५ ऑगस्ट

वीसपैकी वीस. झेंडावंदनाला पाहुणे आले होते. सरांनी मला पुढे बोलावून सांगितलं, करून दाखवा. मी मैदानाच्या टोकावरून एकदाच हाक मारली. ठकू "ओ" म्हणत पळत आली, हात पुढे करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, आनंदाने. आता ती टाकीवरही चढत नाही.

आणि पट चाळीस झाला. त्यातली तेरा मुलं मी डोंगरातून आणलेली.

१० मे २०००

हे नीट लिहायला हवं.

सोळा महिन्यांनी ठकूला सुटीला घरी पोचवायला काल उंबरवाडीला गेले. घर दिसल्यावर ठकू पुढे पळाली. लंकाबाई घरामागे गोवऱ्या थापत होत्या. त्यांनी चाहूल लागताच, आम्ही दिसण्याआधीच, एक हाक मारली. "ठके." आणि ठकूने जागच्या जागी उभं राहून, शाळेत देते तशी खणखणीत ओ दिली.

मी हसले. शाबासकीच्या तयारीत होते. लंकाबाई शेणाने भरलेले हात तसेच धरून पुढे आल्या आणि ठकूकडे बघत राहिल्या. जवळ घेतलं नाही. मला विचारलं, "हे कुनी शिकिवलं?" मी म्हटलं, मी.

त्या खाली बसल्या. हात गवताला पुसत म्हणाल्या, "बाय, रानात पयल्या हाकेला वो द्यायची नसती. पयली कुनाची बी आसंल. दुसरी डोंगार परत देतो. तिसरी आली की समजायचं, मानूस हाय, आन् आपल्यालाच बोलिवतंय. बोलू लागली तवापास्नं मी तिला एवढंच तर शिकिवलं."

मी म्हटलं, आजी, या भुताखेताच्या समजुती आहेत. त्या म्हणाल्या, "आसतील."

रात्री त्यांच्याच पडवीत झोपले, म्हणजे झोपले नाही. तिसऱ्यांदा विचारलं आणि तिने सांगितलं, ससा आहे, पण कान चुकलेत. सखूबाईने तीनदा हाक मारली आणि ती टाकीवरून उतरली. गुरुजी एकदाच नाव घेतात आणि गैरहजर मांडतात. ती शिकलेली मुलगी होती. तिला जे शिकवलं होतं ते ती आमच्यातल्या कुणाहीपेक्षा नेटाने पाळत होती. मी पुस्तिकेतली सूचना पाळली आणि तिने तिची. मी तिला ४६ गुण दिले.

११ मे

निघण्याआधी पेटी उघडली आणि चाचणी पुन्हा घेतली. छत्री, चमचा, टेलिफोन, बस, सगळं पहिल्याच प्रश्नाला. शाळेत हीच चित्रं भिंतीवर आहेत. सशालाही नुसतं "ससा" म्हणाली. कान कसे आहेत गं, विचारलं, तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "चांगले आहेत, मॅडम."

१९ जून

गेल्या आठवड्यात गोरख सरांशी बोलले. ठकूचा दाखला चुकीचा आहे, तो रद्द करा, असं सांगितलं. नवे गुण दाखवले, ७१. सर खूश झाले. म्हणाले, बघा, शाळेचा फायदा. मी तीन हाकांचं सगळं समजावलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, ते काही वाईट गृहस्थ नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तपासणीचा कागद तुमच्याच अक्षरात आहे. चुकला म्हणून लिहून द्या, मी वर पाठवतो. पण मग डोंगरातली बाकीची बारा मुलंही पुन्हा तपासावी लागतील. तीही तुम्हीच तपासलीत ना?"

मी लिहून दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ करत आठ दिवस गेले. बारा मुलं जेवताना ओळीत बसतात तिथून मी हल्ली जात नाही. ठकूला आजीने परत पाठवलेलं नाही. सर म्हणतात, घेऊन या, पट कमी होतोय. निदान ते तरी मी करणार नाही.

१६ जुलै

रजा काढून चार दिवस उंबरवाडीत राहिले. लंकाबाईंनी निरोप पाठवला होता, शिकिवलंस तसं इसरव. भाताची लावणी चालू आहे, सगळी माणसं खाचरात. धुकं असं की हातभर लांबचं दिसत नाही.

मी एकदा हाक मारायची, तिने गप्प बसायचं, तिसरीला ओ द्यायची आणि लाडू घ्यायचा. लाडू मी घरून करून नेले होते. पहिल्या हाकेला ती "ओ" म्हणाली आणि हात पुढे केला. नाही म्हटलं, समजावलं. पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की आपलं काहीतरी चुकतंय. तेव्हापासून ती दोन्ही हातांनी तोंड दाबून धरते आणि हातांच्या आतून ओ देते. नंतर नंतर शेरडू ओरडलं तरी ओ, पाखरू ओरडलं तरी ओ. प्रतिभा, जी आता तीन वर्षांची आहे, दुसऱ्या हाकेला खुशाल गप्प बसते आणि बहिणीला हसते.

काल मी खाचराकडून घराकडे येत होते. लंकाबाईंनी घरून हाक मारली, ती मला कड्याच्या बाजूने ऐकू आली. मी तिकडे चार पावलं गेलेही. मग दुसरी आली, तीही तिकडूनच. तिसरीला नीट कान दिला तेव्हा कळलं की घर पाठीमागे आहे. धुक्यात उभी राहून मी लंकाबाईंना भुताखेतांचं काय ऐकवलं होतं ते आठवलं, आणि फार लाज वाटली.

निघताना लंकाबाईंना म्हटलं, पाऊस सरेपर्यंत तिला एकटी सोडू नका, मी दिवाळीत महिनाभर येऊन राहते. "ऱ्हा," म्हणाल्या. लाडवांचा डबा त्यांनी परत दिला.

१७ ऑगस्ट

जानकू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. ठकू सोमवारी गेली, एवढंच सांगितलं.

२० ऑगस्ट

जाऊन आले.

लंकाबाई ओटीवर बसल्या होत्या. मी पायाशी बसले. त्या माझ्याकडे न बघता सांगत होत्या, मी शब्द बदलत नाही.

"पोरीला दारात बसिवली व्हती. म्या खाचरातलं गवत बेनत व्हते. धुकं लई दाटलं, म्हनलं पोर भ्याली आसंल, म्हनून हाक मारली. येकच. लगीच वो आली. म्या दुसरी मारली, तवर ती निगाली व्हती. डोंगरानं हाक दिली तिकडं गेली."

मी विचारू नये ते विचारलं. तिसरी मारली का, आजी?

"मारली. आजून मारती. रोज."

जानकूने कड्याची जागा दाखवली. घरापासून चाळीस पावलं असतील. तिथे गवत चिरडलेलंही नव्हतं. परत येताना प्रतिभा दारात बसलेली दिसली, मी तिचं नाव घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडले. लंकाबाईंनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी मला भात वाढला.

४ सप्टेंबर

पट कमी झाल्याचा अहवाल भरायचा होता. सर म्हणाले, फॉर्म ठरलेला आहे, रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. शाळा सोडल्याचे कारण: मृत्यू. प्रवेशाच्या वेळचा बुद्ध्यांक: ४६. अखेरचा: ७१. हाकेला प्रतिसाद: पहिल्याच हाकेला.

ते माझ्याच अक्षरात आहे. त्याच्याबरोबर दुसरा कागदही दिला, ठकूचा दाखला चुकला होता असा आणि बाकीच्या बारा मुलांची तपासणी पुन्हा व्हावी असा. जूनमध्ये द्यायचा होता तो. सरांनी वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मी राजीनामा नंतर देणार आहे, आधी तो कागद ड्रॉवरमधून बाहेर निघाला पाहिजे. निघेल असं वाटत नाही.

१० सप्टेंबर

चार दिवस घरीच आहे. माडीवर बसून असते. पेटी खाटेखाली ढकलली आहे.

मघाशी आईने खालून जेवायला हाक मारली. मी ऐकली. ओ देता आली नाही. जरा वेळाने तिने पुन्हा मारली, तेव्हाही मी कान देऊन नुसती बसून राहिले, आवाज कुठून येतोय ते बघत. तिसऱ्या हाकेला ओ दिली. आई जिना चढून वर आली होती, पदराला हात पुसत. तुला काय ऐकू येत नाही का गं, म्हणाली, आणि ताट वाढलंय म्हणून खाली गेली.